दोन पुरुष पाणी

८ नोव्हेंबर २००५, मंगळवार

ही डायरी पाईपवाल्या डीलरने वर्षाच्या सुरुवातीला दिलेली. तेव्हापासून दुकानाच्या फळीवर बेअरिंगच्या डब्याखाली पडून होती. आज धूळ झटकून काढली, कारण आजची गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नाही आणि पोटात राहतही नाही. बायकोला, अस्माला सांगितली तर ती मला वेड्यात काढेल.

सकाळी पुंडलिकरावांकडे मोटारीचं काम होतं. त्यांचं शेत तलावाच्या काठाला, जुन्या खदानीला लागून. धरण बांधलं तेव्हा याच खदानीतून दगड काढला होता. मग तलाव भरला आणि खदानीत पाणी शिरलं. आता तिथे पाण्यातून काळ्या दगडाची भिंत सरळ वर उठलेली आहे, तीसेक फूट. मोटार पाणी सोडत होती, म्हणजे पाईपच्या पाण्यातल्या टोकाला असलेल्या फूटवॉल्व्हमध्ये कचरा. पोहत गेलो, साफ केला. परतताना काठाला गुडघाभर चिखल दिसला, म्हटलं भिंतीवरूनच वर जावं. सुरुंग लावायला पाडलेली भोकं अजून तशीच आहेत, त्यांत बोटं घालत दहा-बारा फूट चढलो. मग हात सुटला आणि धप्पकन पाण्यात.

वर आलो आणि हसायला लागलो. मोठमोठ्याने, एकटाच.

पुंडलिकराव काठावरून ओरडले, "मिस्त्री, काय झालं वो?"

"काई नाई जी, पाय घसरला."

दारव्ह्याला येईपर्यंत लुनावर आठवत होतो, याआधी कधी हसलो होतो. पोळ्याच्या आधी असेल. यंदा पावसाळ्यापासून पाच विहिरींत उतरलो, त्यांपैकी मोटारीसाठी दोनदाच. बाकी तीन वेळा पोलिसांनी बोलावलं. विहिरीत माणूस सापडला की मोटार मिस्त्रीलाच बोलावतात, चेन-पुली आणि दोर त्याच्याचकडे असतो ना. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

१२ नोव्हेंबर, शनिवार

आज काम नव्हतं तरी तलावावर गेलो. पुंडलिकराव कापूस वेचणाऱ्या बायांना पाणी पाजत होते. मी भिंतीवर आहे हे पाहून आले.

"मिस्त्री, दोर तरी बांधा कमरेले. मी धरतो वरून."

"दोर नाई पायजे."

"काहून?"

काय सांगू? ओला दोर तळहातावरून सरकतो तेव्हा कसा लागतो, हे ज्याने ओढला त्यालाच ठाऊक. घरी येऊन दोनदा साबण लावला तरी जात नाही. शिवाय दोर बांधून चढायचं असेल तर झाडावर चढावं. इथे खाली पाणी आहे, तेच झेलतं.

आणि मी काही आंधळेपणाने चढत नाही. भिंतीच्या पायाशी पाण्याखाली खदानीचा टप्पा आहे, बैलगाडी वळेल एवढा रुंद. त्या टप्प्याच्या दोन पुरुष वर मी स्वतः फूटवॉल्व्ह कसलेला आहे, खडकात लोखंडी पट्टी ठोकून. पाणी त्याच्या खाली उतरलं तर मोटार हवा ओढणार. म्हणजे मोटार भरून पाणी फेकते आहे तोवर टप्प्यावर दोन पुरुष पाणी आहेच. दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी बुडतील. हे गणित शाळेतल्या पुस्तकातलं नाही, माझ्या पान्याखालचं आहे.

१९ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी पोलीस ठाण्याचे जमादार आले. "हबीब, पुली घे."

गेलो.

२० नोव्हेंबर, रविवार

आज वीस फुटांपर्यंत गेलो. तीनदा पडलो. तिन्ही वेळा वर आलो.

३० नोव्हेंबर, बुधवार

अस्मा राळेगावकडच्या खेड्यातली, तिची वऱ्हाडी माझ्याहून पक्की. रागावली की घरातली आमची खिचडी भाषा बाजूला ठेवते आणि माहेरच्या बोलीवर येते. आज आली.

"बनेन ओलं काहून हाय?"

"पुंडलिकरावाच्या फूटवॉल्व्हचं काम होतं."

"रोजच कचरा अडकते का त्याच्यात? बोटं पाहा तुमचे. कोनी किसनीवर घासल्यावानी."

मी म्हटलं, मिस्त्रीची बोटं आहेत, मेंदी लावायची का? ती हसली नाही. एरवी अशा बोलण्यावर लाटणं उगारते.

आणखी एक गंमत. दुकानातून वाइंडिंगच्या वॉर्निशची बाटली गायब. शोध शोध शोधली. शेवटी कळलं, अस्मा घरी घेऊन गेली. आमची नाजिया अकरा वर्षांची झाली, ती काय आता बाटल्या तोंडाला लावणार आहे? विचारलं तर म्हणते, "असू द्या. लागली का मागत जा, मी काढून देत जाईन." आता प्रत्येक कॉईलमागे बायकोकडे अर्ज करायचा. चार वेळा चिडचिड केली, तिने ऐकून घेतली.

१० डिसेंबर, शनिवार

चढण्यात काय आहे हे एकदा नीट लिहून ठेवतो.

पहिले सात-आठ फूट दगड ओला, तिथे पायाचा अंगठा नेमका कुठे टेकवायचा एवढंच डोक्यात असतं. मग सुरुंगाच्या भोकांची रांग. एकात दोन बोटं मावतात, एकात तीन. त्यापुढे भिंत थोडी पुढे झुकलेली आहे, म्हणून पडलो तर दगडाला न घासता सरळ पाण्यात. तिथे लटकलेलं असताना दुकान नसतं, कापूस संकलन केंद्रावर दोन-दोन दिवस उभ्या राहिलेल्या बैलगाड्या नसतात, पेपर नसतो. पेपरात रोज तेच, फक्त गावाचं नाव बदलतं. त्यांतली तीन-चार गावं आता मी वाचत नाही, कारण तिथली विहीर किती खोल आहे ते मला माहीत आहे.

भीती वाटते. खोटं कशाला लिहू? वीस फुटांवर पोटऱ्या थरथरायला लागतात, शिवणयंत्रासारख्या. त्याच वेळी खूप बरंही वाटतं. मग बोटं सुटतात. खाली जाताना कानात वारा, पाणी फुटल्याचा आवाज, आणि मग अंधार, थंड. तिथे क्षणभर काहीच नसतं. मग पाय मारायचे आणि वर यायचं.

वर येणं मला सगळ्यात आवडतं.

आज काठावर पुंडलिकरावांच्या पत्नी विमलताई बसलेल्या. माझ्यासाठी तुरीच्या सोल्यांची भाजी आणि भाकर आणलेली. म्हणाल्या, "हबीबभाऊ, जेवून घ्या पोटभर. आन् नाजियाले आना एखाद्या दिवशी. लेकरू सोबत असलं का बरं असते." भली बाई. पण मी जेवत असताना ती माझ्याकडे इतकी टक लावून पाहत होती की घास उतरेना. सध्या सगळेच माझ्याशी गोड बोलतात. नाक्यावरचा चहावाला, एरवी कप आदळणारा, काल म्हणाला, "बस ना भाऊ, जाशीन आरामात." माझ्यात असं काय पाहिलं यांनी, कळत नाही.

२० डिसेंबर, मंगळवार

अपमान झाला. पुंडलिकरावांकडे गेलो तर म्हणाले, "मिस्त्री, आता मोटारीले काई काम नाई. लागलं त मीच निरोप देईन. तुमी उगाच येऊ नोका इतक्या दूर."

बारा वर्षं त्यांची मोटार मी सांभाळली. जळाली तर मी, अडली तर मी. काय बिघडवलं? विचारलं तर पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसले. म्हणाले, "तुमच्या भल्यासाठीच सांगून राह्यलो."

माझं भलं त्यांना कधीपासून कळायला लागलं? लुना ढकलत रस्त्यापर्यंत आलो, मग वळसा घालून खदानीच्या मागच्या अंगाने गेलोच. तलाव काय त्यांच्या बापाचा आहे? मोटार छान पाणी फेकत होती. दोन पुरुष पाणी. चढलो.

१२ जानेवारी २००६, गुरुवार

नव्या वर्षाची डायरी कोणी दिली नाही, म्हणून जुनीच्या कोऱ्या पानांवर.

काल बकरीद झाली. आज सकाळी अस्माने दार आतून लावलं आणि समोर बसली.

"तलावावर जाऊन राह्यले ना तुमी अजून?"

"कोन सांगतलं?"

"कोन सांगतलं ते सोडा. नाजियाच्या डोक्यावर हात ठेवा आन् म्हना, जानार नाई."

मी म्हटलं, अगं, पोहायला जातो. व्यायाम आहे. लोक पैलवानकी करतात, मी भिंतीवर चढतो, एवढंच. सगळं समजावलं, टप्पा, फूटवॉल्व्ह, दोन पुरुष. ती ऐकत होती, पण तिच्या कानात काही शिरत नव्हतं. डोळे भरून आले तिचे. "तुमी रातच्याले झोपेत हात ओढता," ती म्हणाली. "दोन्ही हात. असे. जसं काई वर काढून राह्यले. म्या कोनाले सांगतलं नाई."

हे मला माहीत नव्हतं.

नाजियाला बोलावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. पोरगी घाबरून माझ्याकडे पाहत होती. एवढ्याशा पोहण्यासाठी घरात कबरस्तानासारखा चेहरा करून बसायचं काही कारण नव्हतं.

१७ जानेवारी, मंगळवार

जमादार आले. पुली होती, दोर नव्हता. अस्माने दोर देऊन टाकला, कोणाला ते सांगत नाही. मला मनातून बरंच वाटलं. पण जमादारांनी दुसरा आणला.

या वेळी बाई होती. चोवीस-पंचवीसची. दोर काखेखालून घेऊन मागे गाठ मारायची असते, ती मारताना तिच्या पदराला बांधलेली सुपारी माझ्या हाताला लागली. वर ओढताना तिचा नवरा म्हणत होता, "हळू घ्या जी, दगडाले लागन तिले." आम्ही हळू घेतलं.

दर वेळी वर काढतो आणि कोणीच डोळे उघडत नाही.

हे लिहायचं नव्हतं.

१८ जानेवारी, बुधवार

उद्या जाणार आहे. शपथ मोडली तर माझ्यावर येईल, नाजियावर नको. एकदाच.

२६ जानेवारी, गुरुवार. यवतमाळ, सरकारी दवाखाना

डायरी नाजियाने दुकानातून आणून दिली. खिडकीतून शाळेच्या पोरांच्या घोषणा येताहेत. माझे दोन्ही पाय पंज्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. टाचांची हाडं फुटली आहेत. डॉक्टर म्हणाले, नशीब की कंबर वाचली.

त्या दिवशी, १९ तारखेला, सकाळी दहाला खदानीवर पोहोचलो. आधी काठावरून मोटारीकडे पाहिलं. नळीच्या तोंडाशी पाणी मांडीएवढं जाड पडत होतं, हवेचा फुसका आवाज नाही. म्हणजे दोन पुरुष. पोहत भिंतीला गेलो आणि चढलो. वीस फुटांवरून पडलो. पाणी फुटल्याचा आवाज आला आणि लगेच दुसरा आवाज, आतून, माझ्याच पायांमधून. अंधार आलाच नाही. टप्प्यावर छातीएवढंच पाणी होतं.

ओरडलो. पुंडलिकराव आणि वेचणीच्या बाया धावत आल्या. मी टप्प्यावर धड उभा राहू शकत नव्हतो, बुडत होतो, पुन्हा वर येत होतो. पुंडलिकराव कपड्यांसकट पाण्यात शिरले आणि बायांनी वरून दोर फेकला. त्यांनी तो माझ्या काखेखालून घेतला आणि मागे गाठ मारली. मी म्हणत होतो, दोर नको, दोर नको. ते म्हणाले, "मिस्त्री, चूप राहा." मग ओढलं. मी डोळे उघडे ठेवले होते. एकदाही मिटू दिले नाहीत. दगड पाठीला लागत होता आणि वरून विमलताई ओरडत होत्या, "हळू घ्या वो, जिता हाय तो, जिता हाय!"

काल पुंडलिकराव भेटायला आले. संत्री आणली आणि पलंगाच्या दांडीला धरून उभे राहिले. मोटारीचं त्यांनीच सांगितलं. कालव्याला पाणी सुटलं तसा तलाव उतरायला लागला. डिसेंबरातच फूटवॉल्व्ह खाली घ्यायची वेळ आली होती. ते काम माझं. पण मला पाण्याजवळ बोलवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून दिग्रसहून अमरसिंग मिस्त्रीला आणलं. त्याने पाईप जोडला आणि फूटवॉल्व्ह टप्प्याच्याही खाली, खोल बाजूला सोडला. तेव्हापासून मोटार भरून पाणी फेकत होती आणि टप्प्यावरचं पाणी रोज उतरत होतं.

"तुमची बाई आलती आमच्याइथं," ते म्हणाले. "रडली. म्हने, पान्याजवळ येऊ देऊ नोका त्याईले. मले वाटलं, काम नाई म्हटलं का येनार नाई. माह्याच्यानं झालं हे, हबीबभाऊ."

मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. त्यांना ते पटलं नाही. संत्री सोलून एकेक फोड माझ्या हातात देत राहिले.

तर सगळ्यांना वाटत होतं, मी जीव द्यायला जातो. चहावाल्यालासुद्धा. आता तो वॉर्निशच्या बाटलीचा उद्योग समजला. काय माणसं आहेत! मी चढत होतो. जीव द्यायला जाणारा माणूस वर कशाला चढेल?

२८ जानेवारी, शनिवार

जमादार बयान घ्यायला आले. आमचेच, दारव्ह्याचे. यंदाच्याच पाच विहिरी आम्ही एकत्र केल्या आहेत. स्टूल ओढून बसले, टोपी मांडीवर ठेवली, कागद काढला. मग हळूच म्हणाले, "तू बी, हबीब?"

मी सांगितलं, चढायला गेलतो.

"कायले?"

"बरं वाटते."

"मंग हे लिहू का मी? बरं वाटते म्हून पडला?" त्यांनी पेन झटकलं. जीव द्यायचा प्रयत्न हा गुन्हा होतो, ते मला समजावलं, जसं काही मला माहीत नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, मोटारीचे काम करताना पाय घसरून पडला. मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर हाय ना?"

मी सही केली. पहिल्याच दिवशी मी पुंडलिकरावांना हेच सांगितलं होतं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार. घरी

काल आणलं घरी. पलंग दारापाशी टाकला आहे, ऊन येतं. अस्मा माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. पाणी, गोळी, भांडं. शपथेबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर भांडलो तरी असतो.

गेले आठ दिवस पडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहतो आहे. वर मी लिहिलं आहे, वीस फुटांवरून पडलो. जमादारांनी लिहिलं, पाय घसरला. पहिल्या पानावर मी लिहिलं, हात सुटला.

१९ तारखेला माझी तीन बोटं भोकात पक्की होती. पाय टेकलेले होते. पोटऱ्या थरथरत नव्हत्या. अजून दहा-पंधरा फुटांवर भिंतीचा माथा होता, तिथून चालत घरी जाता आलं असतं. हात सुटला नाही. मी सोडला. कधीच सुटला नव्हता, पहिल्या दिवसाचं सोडलं तर. दर वेळी मीच सोडत होतो.

आणि दुसरं. पोहत भिंतीपाशी गेलो तेव्हा खडकावर उतरलेल्या पाण्याचा पट्टा होता, माझ्या डोक्यापेक्षा उंच. पाणी कुठवर होतं आणि कुठे आलं, हे खडकावर लिहिलेलं होतं. वीस वर्षं मी हेच वाचून पोट भरतो. मी तो पट्टा पाहिला. मग मान वळवून मोटारीकडे पाहिलं, तिचं पाणी जोरात पडत होतं, आणि मी म्हटलं, दोन पुरुष आहे.

मला मरायचं होतं असं मला वाटत नाही. पण मला मरायचं नव्हतं असंही आता लिहिता येत नाही.

दुपारी नाजिया शाळेत होती. अस्मा उंबऱ्यात बसून तूर पाखडत होती. मी तिला हाक मारली आणि हे पान वाचून दाखवलं. सगळं, पट्ट्यापर्यंत. वाचताना तिच्याकडे पाहिलं नाही. सुपाचा आवाज मध्येच कुठेतरी थांबला होता.

तिने विचारलं, "सोडला तवा आमची याद आलती का?"

"नाई," मी म्हटलं. खोटं बोलता आलं असतं.

ती उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता ही माहेरी जाणार, आणि जावंच तिने. आत भांड्यांचा आवाज नाही, रडण्याचा नाही. मग ती चेहऱ्यावर पाणी मारून बाहेर आली. दार लोटलं. पलंगापाशी जमिनीवर बसली आणि माझा हात, तो खरवडलेला, आपल्या मांडीवर घेतला.

"चार साल झाले जमादार तुमाले विहिरीवर नेऊन राह्यले," ती म्हणाली. "घरी येऊन आंग धुता आन् चूपचाप जेवता. म्या बी कधी इचारलं नाई, भेव वाटे मले. आता इचारतो. पयल्या विहिरीपासून सांगा."